मासिक पासाची बचत : कपिलधार परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगरात असलेले कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीमुळे वीरशैव समाजाचे महत्त्वाचे तीर्थक्षेत्र ठरले आहे. ह्या वाटेवरील एस. टी. च्या गाडीत दोन प्रकारचे प्रवासी भेटतात. पहिला यात्रेकरू, त्याचा प्रवास तिथीशी बांधलेला असतो. दुसरा नोकरी, शिक्षण वा मजुरी ह्यांसाठी रोज बीडला जाणारा. मासिक पास ह्या दुसऱ्यासाठी आहे, हे उघड आहे. परंतु त्यांच्यापैकी नेमके कोणाचे पैसे त्यामुळे वाचतात, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९३२ साली निजामाच्या रेल्वेच्या छत्राखाली २७ गाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू झाली. मुंबई राज्यात पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली ती १ जून १९४८ रोजी. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कालांतराने दोन्ही प्रवाह एकाच महामंडळात मिळाले.

महामंडळाच्या पासाचे सूत्र सुटसुटीत आहे : २० दिवसांचे भाडे भरावे व ३० दिवस प्रवास करावा, त्रैमासिक पासासाठी ५० दिवसांचे भाडे भरावे व ९० दिवस प्रवास करावा. म्हणजे महिन्यात २५ दिवस जाणाऱ्याचा पाचवा हिस्सा वाचतो, २२ दिवस जाणाऱ्याचा केवळ अकरावा, आणि २० पेक्षा कमी दिवस जाणाऱ्यास तोटाच होतो. ह्यावरून बचत भाड्याच्या दरावर नव्हे, तर पंचांगावर अवलंबून आहे, असे म्हणावे लागते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. भाड्यात एका पैशाचाही फरक न होता त्या दिवसापासून अनेक कर्मचाऱ्यांच्या पासाची बचत आकसली. उलट त्रैमासिक पासात महिन्याला २२ दिवस जाणाऱ्याचाही जवळजवळ चतुर्थांश खर्च वाचतो. मात्र त्यासाठी ५० दिवसांचे भाडे एकरकमी हाती असावे लागते.

येथे भाषेची साक्ष उपयोगी पडते. मराठीत श्रमाच्या मोबदल्याला अनेक नावे आहेत. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, तर ‘रोज’ फारशीतून; ‘उचल’ मात्र घरचीच, उचलणे ह्या क्रियापदापासून झालेली. बीड जिल्ह्यात ह्या तिन्ही शब्दांमागे तीन भिन्न जीवनक्रम आहेत. पगारदार मनुष्य महिना हे एकक मानतो, म्हणून तो सहज ‘पास काढतो’. रोजावर जाणारा सायंकाळी हाती आलेल्या पैशातून उद्याचे तिकीट काढतो. त्याचे कामाचे दिवस अधिक असले, तरी २० दिवसांचे भाडे आगाऊ भरण्याचे त्राण त्याच्यात नसते. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जाणारे जोडपे तर हंगामात जिल्ह्यातच नसते. ज्यांना बचतीची निकड अधिक, त्यांनाच ती दुर्लभ, हा ह्या व्यवस्थेतील खरा पेच होय.

हा पेच पासाने नव्हे, सवलतींनी काही अंशी सोडविला. विद्यार्थ्यांना पासाच्या भाड्यात दोन-तृतीयांश सूट मिळते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेने बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकिटावर निम्मे भाडे लागू झाले. आता पूर्ण भाड्याच्या हिशेबाचा मासिक पास आणि हे निम्मे तिकीट ह्यांची तुलना केली, तर तो पास स्त्रीला परवडण्यास महिन्यात ४० हून अधिक दिवस प्रवास करावा लागेल. आणि इतक्या दिवसांचा महिना कोणत्याही पंचांगात नाही! तिकिटावरील सवलत रोजच्या रोज मिळते, तिला आगाऊ रक्कम लागत नाही. म्हणूनच ती मजूर स्त्रीपर्यंत पोहोचली.

तात्पर्य, मासिक पास पैसे वाचवितो हे विधान सत्य असले तरी अपुरे आहे. ज्याचा महिना ठरलेला आहे, त्याचेच पैसे तो वाचवितो. वाहतुकीच्या इतिहासकाराने भाड्याच्या तक्त्याबरोबरच मजुरीचा दिवस आणि सुट्ट्यांची यादीही वाचली पाहिजे.