चड्डीवर चड्डी

माझ्या वडिलांच्या पिढीतला पुणेकर सायकलवर टांग टाकण्याआधी वाकायचा आणि पँटचा उजवा पाय क्लिपमध्ये अडकवायचा. क्लिप नसली तर मोहरी मोज्यात खोचायची. साखळीत कापड गेलं की ग्रीसचा डाग आणि फाटकी मोहरी ठरलेली. सैल की घट्ट, हा प्रश्न तेवढा जुना. डोंगरी सायकलीने मात्र त्याचं उत्तर पार वेगळ्या जागी शोधलं.

ती जागा म्हणजे कॅलिफोर्नियातली मरीन काउंटी. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या रस्त्यावर काही तरुणांनी उताराची शर्यत लावली. साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये हा रस्ता ४०० मीटर खाली येतो. सायकली जुन्यापुराण्या, जाड टायरच्या. पेडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये. खाली पोचेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर झालेला असायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. अंगावर जीन्स, फ्लॅनेलचा शर्ट, जाडजूड बूट, चामड्याचे हातमोजे.

यातले चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ हे डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींच्या ‘वेलो-क्लब तमालपायस’चे सभासद होते. म्हणजे घट्ट चड्डी काय असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोंगरावर जाताना ती ते घरी ठेवून येत. मला या कुळकथेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. खडीवर आपटल्यावर मांडी सोलण्याआधी जीन्स सोलली जाते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

घट्ट चड्डीचं घराणं युरोपातलं. आधी ती लोकरीची असे आणि बैठकीला शॅमॉय नावाच्या, शेळीच्या कुळातल्या डोंगरी प्राण्याचं मऊ कातडं शिवलेलं असे. धुऊन वाळत घातलं की हे कातडं पापडासारखं कडक व्हायचं. मग मलम चोळून ते मऊ करायचं आणि तेव्हा कुठे चड्डी घालायची. आज तिथे फोमचा पॅड असतो, कातड्याचा मागमूस नाही, तरी त्याला ‘शॅमी’च म्हणतात आणि मलमही विकलं जातं. लोकरीला बाजूला सारलं ते लायक्राने. ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्सने १९५८ मध्ये हा धागा तयार केला, तो बायकांच्या घट्ट अंतर्वस्त्रांतल्या रबराऐवजी वापरण्यासाठी.

शर्यती मोठ्या झाल्या तशी लायक्रा डोंगरावरही चढली. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगो इथे जागतिक अजिंक्यपद, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिक. दीड-दोन तास खोगिरावर घासणाऱ्याला कापडाची एक चुणीही रक्त काढते, त्यामुळे क्रॉसकंट्रीवाले घट्टच राहिले. उतारवाल्यांनाही घट्ट कपड्यांचा मोह होता, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. पण सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उताराच्या शर्यतीत अंगाला चिकटणाऱ्या लायक्राला नियमानेच मज्जाव केला. उतारवाल्यांनी मोटोक्रॉसची ढगळ पँट आपलीशी केली होतीच. तिच्याखाली गुडघ्याचं पॅड सहज मावतं.

आणि बाकीच्या आपल्यासारख्यांनी दोन्ही घराण्यांची सोयरीक लावून दिली: आत पॅडची घट्ट चड्डी, वर सैल बॅगी. आतली घासू देत नाही. वरची काटे झेलते, तिला खिसे असतात आणि ती घालून टपरीवर चहाला उभं राहता येतं. आमच्या टेकडीवरच्या करवंदाच्या जाळीने माझ्या बॅगीचे कितीतरी दोरे ओढले आहेत, आतल्या चड्डीला अजून ओरखडा नाही.

खोट एकच. बॅगीचा जांघेतला भाग लोंबता असला तर उतारावर मागे सरकून पुन्हा बसताना तो खोगिराच्या टोकाला अडकतो, आणि नेमका वळणावर अडकतो. म्हणून दुकानात उभ्याने मापून घेऊ नका. सायकलवर बसा, उठा, मागे सरका, परत बसा.