उपग्रहाला वाट पुसताना

पावसाच्या चार सरी पडून गेल्या, की अमरावती-अकोल्याकडच्या घरांत चिखलदऱ्याचा विषय निघतोच. डबे भरले जातात, लेकीबाळींना फोन होतात आणि पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात. पूर्वी निघताना घरातले वडीलधारे एक प्रश्न हमखास विचारायचे, ‘‘परतवाड्याहून कुठल्या रस्त्यानं जाणार? घटांगकडून, की धामणगाव गढीकडून?’’ आता हा प्रश्न कुणी विचारत नाही. गाडीत समोरच यंत्र लावलेले असते आणि ते बोलतेही. माणसाला वाट विचारायची सवय मोडून आपण ती उपग्रहाला विचारू लागलो आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच निघालो होतो. भाच्याने नवे यंत्र आणले होते. परतवाडा मागे टाकल्यावर थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘उजवीकडे वळा.’ अंतर सहा-सात किलोमीटरने कमी दिसत होते, म्हणून वळलो. डांबर संपले, मुरूम लागला, मग नुसती चाकोरी उरली. पुढे एक नाला दुथडी भरून वाहत होता. धुके उतरले होते, मागच्या सीटवर आई होती आणि गाडी लागलेली लहान पुतणी होती. यंत्र मात्र शांतपणे ‘सरळ जा’ म्हणत होते. गुरे घेऊन परतणारा एक कोरकू म्हातारा थांबला आणि म्हणाला, ‘‘इकडून बंडी जाते भाऊ, तेही उन्हाळ्यात. तुमची गाडी नाही जात.’’ त्याने दाखवलेल्या वाटेने आम्ही रात्री आठला वर पोचलो.

यंत्र खोटे बोलत होते का? नाही. आम्ही कुठे आहोत हे त्याला अगदी बरोबर माहीत होते. पण ‘मी कुठे आहे?’ आणि ‘मी कुठून जावे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यंत्र निवडताना आपण त्यांची गल्लत करतो. गंमत अशी, की या दोन्ही प्रश्नांचा मोठा इतिहास आपल्या वऱ्हाडातच घडला आहे.

आधी वाटेचा प्रश्न घेऊ. १८०३ सालची गोष्ट. नागपूरकर भोसल्यांविरुद्धच्या युद्धात २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि इंग्रज फौजा गाविलगडाकडे वळल्या. सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. गड कुठे आहे हे शोधायची गरजच नव्हती. तो खालच्या मैदानातून डोळ्यांना दिसत होता. अडचण होती ती वर जायचे कसे याची. दक्षिणेकडे उभा कडा. उत्तरेची बाजू त्या मानाने सोपी, पण तिथे पोचायचे तर सातपुड्याला वळसा घालावा लागणार. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने तो वळसा घेतला. अवजड तोफा आणि दारूगोळा डोंगरातून सुमारे ३० मैल हातांनी ओढत न्यावा लागला. जिथे रस्ता नव्हता तिथे तो आधी तयार करावा लागला. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या ठिकाणी पोचायला फौजेला असा आठवडा मोडावा लागला.

आता दुसरा प्रश्न, ‘मी कुठे आहे?’ याच सुमारास, १८०२ मध्ये, विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने मद्रासजवळ एक आधाररेषा मोजली आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात केली. एका बाजूची लांबी आणि कोन माहीत असले, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. शाळेत शिकलेल्या या नियमावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. त्याचे कोनमापक यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. डोंगरमाथ्यांवर, देवळांच्या शिखरांवर ते चढवावे लागे. दक्षिणोत्तर मोजलेला हा कंस वऱ्हाडात पोचला. इलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या मुलखातले एक गाव सर्वेक्षणाच्या कागदांत ‘टाकळखेरा’ या नावाने येते. ते या कंसाचे महत्त्वाचे ठाणे होते. नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला लॅम्ब्टन वारला. त्याची कबरही तिथेच आहे.

पुढचे काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले. हाच तो, ज्याचे नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले. तापाने खंगलेल्या अवस्थेत त्याने टाकळखेऱ्यापासून सातपुड्यापलीकडे सिरोंजपर्यंत कंस नेला. या मोजणीच्या आधारे १८३० मध्ये त्याने पृथ्वीच्या आकाराचे गणित मांडले. पुढे दीडशेहून अधिक वर्षे भारताचे अधिकृत नकाशे त्याच गणितावर काढले गेले.

उपग्रहांच्या यंत्रणेचे तत्त्व लॅम्ब्टनच्या कामाच्या जातकुळीतलेच आहे. त्याने कोन मोजले. आपले यंत्र संदेश यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजते. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चार ‘दिसले’, की आपली जागा ठरते. अमेरिकेने लष्करासाठी १९७८ पासून हे उपग्रह सोडले. १९८३ मध्ये वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, तेव्हा ही सोय सर्वांना खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. मात्र सामान्य माणसाला मुद्दाम ढोबळ संदेश मिळे आणि शंभर मीटरपर्यंत चूक होई. मे २००० मध्ये ही अडवणूक थांबली आणि गाडीतले यंत्र अधिक अचूक झाले. भारतानेही २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेला २०१६ मध्ये ‘नाविक’ हे नाव मिळाले.

पण वाट उपग्रह सांगत नाही, ती नकाशा सांगतो. आपल्याकडे अडचण तिथेच होती. तपशीलवार सरकारी नकाशे दीर्घकाळ सहजासहजी मिळत नसत. शिवाय एव्हरेस्टचे गणित आणि उपग्रहांचे गणित वेगळे. जुन्या नकाशावरून घेतलेले अक्षांश-रेखांश तसेच यंत्रात भरले, तर आपल्या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. मैदानात तो खपून जाईल, घाटात मात्र तेवढ्यात दरी येते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी उपग्रहांच्या गणिताशी जुळणारे नकाशे काढायचे ठरवले. त्या दशकाच्या अखेरीला गाडीच्या काचेला चिकटवायची यंत्रे आली. २०१२ पासून गुगलने भारतात मोबाइलवर वळणावळणाची सूचना देणे सुरू केले आणि ती यंत्रे हळूहळू मागे पडली.

मग सहलीसाठी काय निवडावे? दुकानदार पडद्याचा आकार दाखवतो, आवाज ऐकवतो. आपण विचारावे ते नकाशाबद्दल. नकाशा यंत्रातच साठवलेला आहे, की दर वेळी मोबाइलच्या जाळ्यातून येतो? मेळघाटात रेंज जाते तेव्हा उपग्रह डोक्यावर असतातच. पडद्यावर आपला निळा ठिपकाही दिसतो, पण त्याच्याखालचा रस्ता पुसलेला असतो. म्हणून मोबाइल वापरणाऱ्याने अमरावती जिल्ह्याचा नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. साठवलेला नकाशा असेल, तर तो कधी अद्ययावत केला हे पाहावे. पावसाळ्यात खचलेला रस्ता जुन्या नकाशात शाबूतच दिसतो. ‘सर्वांत जवळचा रस्ता’ हा पर्याय घाटात बंद ठेवावा. बंडीची वाट आणि बसचा रस्ता यांत फरक करणारे यंत्र सहा किलोमीटर वाचवणाऱ्या यंत्रापेक्षा चांगले. आणि गाडीतच चार्जिंगची सोय हवी, कारण घाटात ठिपका शोधता शोधता बॅटरी लवकर संपते.

इतके केले, तरी एक गोष्ट उरते. नाल्याला आज पाणी किती, दरड कुठे आली, हे त्या रस्त्याने आत्ताच आलेल्या माणसालाच ठाऊक असते. परतवाड्याला चहासाठी आपण थांबतोच. टपरीवर वरून उतरलेली एखादी गाडी हमखास उभी असते. आम्ही आता तिच्या ड्रायव्हरला आधी विचारतो आणि मगच यंत्र सुरू करतो. आई तर गाडीत बसतानाच आठवण करून देते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)