ओगॉर्मन, कामिला

(सु. १८२५ – १८ ऑगस्ट १८४८). कॅथलिक धर्मगुरूवरील प्रेमापायी देहान्त शासन झालेली अर्जेंटिनातील तरुणी. जन्म ब्वेनस आयर्स येथील प्रतिष्ठित, धर्मनिष्ठ घराण्यात. तिचा एक भाऊ धर्मगुरू होता. घराण्याच्या परिचयातील, सोकोरो चर्चचे तरुण धर्मगुरू लादिस्लाओ गुत्येरेस यांच्याशी तिचे प्रेम जडले. लॅटिन चर्चच्या नियमानुसार धर्मगुरूला ब्रह्मचर्य बंधनकारक असते. दुसऱ्या लॅटरन परिषदेने (११३९) धर्मगुरूंचे विवाह अवैध ठरविले होते. विवाहाचा मार्ग बंद असल्याने डिसेंबर १८४७ मध्ये दोघांनी पलायन केले.

कोर्येंतेस प्रांतातील गोया या गावी नावे बदलून त्यांनी शाळा चालविली. मात्र एका आयरिश धर्मगुरूने गुत्येरेस यांना ओळखले आणि दोघांना अटक झाली. कामिलाच्या पित्याने स्वतःच हुकूमशहा ह्वान मान्वेल दे रोसास याच्याकडे कडक शासनाची मागणी केली होती. परागंदा विरोधकही या प्रकरणावरून रोसासच्या राजवटीला अनीतिमान ठरवीत होते. रोसासची कन्या मान्वेलिता हिची रदबदली निष्फळ ठरली. खटला न चालविता सांतोस लुगारेस येथे दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या वेळी कामिला गरोदर होती. आधी अनीतीचा ठपका ठेवणाऱ्या विरोधकांनी आता रोसासच्या क्रौर्याचा निषेध केला. १८५२ मध्ये कासेरोसच्या लढाईनंतर त्याची सत्ता संपुष्टात आली.

मारिया ल्विसा बेंबेर्ग यांचा कामिला (१९८४) हा चित्रपट याच घटनेवर आधारित असून त्यास सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटासाठीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले.