हॉट पॉटचा जनक कोण : बादशहा की हमाल?

१/११
मेजाच्या मध्यभागी उकळता रस्सा, भोवती मांसाचे पातळ काप, पालेभाज्या आणि तोफू. हॉट पॉट उपाहारगृहात आचारी फक्त चिरून देतो. शिजवण्याचे काम जेवणाऱ्याकडेच असते. या पंगतीचे श्रेय बहुधा एखाद्या बादशहाला दिले जाते. मात्र आज जगभर पोहोचलेल्या तिखट, लालभडक हॉट पॉटचा माग काढला, तर तो राजवाड्यापाशी नव्हे, नदीच्या धक्क्यावर जाऊन थांबतो. #थ्रेड

२/११
सर्वांत लोकप्रिय कथा कुब्लाई खानाची. सैन्य घाईत होते, म्हणून आचाऱ्याने मटणाचे पातळ काप उकळत्या पाण्यात बुडवून वाढले आणि खान प्रसन्न झाला! कथा सुरस आहे. पण १३व्या शतकातील समकालीन साधनांत तिला आधार नाही.

३/११
लिखित पुरावा दक्षिण सोंग काळातला (११२७–१२७९) आहे. लिन हाँग हा लेखक वुयी पर्वतात गेला असता बर्फ पडत होते. ससा मिळाला होता, पण आचारी नव्हता. यजमानाने डोंगरातली रीत सांगितली : पातळ काप मद्य-मसाल्यात मुरवावेत, शेगडी मेजावर ठेवावी, आणि ज्याने त्याने आपला घास उकळत्या पाण्यात हलवून खावा. पाच-सहा वर्षांनी राजधानीतील मेजवानीतही लिनला हीच रीत दिसली.

४/११
याहून जुने भांडेही उपलब्ध आहे. अवघे २७ दिवस सम्राटपद भोगलेला ल्यू ह इ.स.पू. ५९ मध्ये वारला. नानचांगजवळच्या त्याच्या थडग्यात खाली निखारे ठेवण्याची सोय असलेले कांस्यपात्र सापडले. वृत्तपत्रांनी त्याला ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा हॉट पॉट’ म्हटले. परंतु भांडे सापडणे म्हणजे जेवणाची रीत सापडणे नव्हे. त्याभोवती कोण बसले, कसे जेवले, हे पात्र सांगत नाही.

५/११
छिंग दरबारात हॉट पॉटला मोठा मान होता. १७९६ मध्ये सम्राट छ्येनलोंगने सिंहासन सोडले, तेव्हा हजारो वृद्धांना मेजवानी देण्यात आली आणि तीत दीड हजारांहून अधिक हॉट पॉट मांडल्याचे सांगितले जाते. दरबारी मेजवान्यांत भांड्याचा धातूही दर्जा पाहून ठरे : वरच्या पंगतीला चांदी व कथिल, खालच्या पंगतीला तांबे. अग्नी सर्वांपुढे, पण पंक्तिभेद कायम.

६/११
या सर्व जुन्या पंगतींत एक गोष्ट नव्हती, किंवा अजून क्वचितच होती : मिरची. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांनी ती गोव्यात उतरवली. चीनमध्ये १५९१ च्या एका ग्रंथात ती शोभेची वनस्पती म्हणून नोंदली आहे. १७२१ च्या सुमारास क्वेइचौ प्रांतात मिठाऐवजी मिरची खाल्ली जात असल्याची नोंद मिळते. म्हणजे ती स्वयंपाकात शिरली ती चैनीतून नव्हे, टंचाईतून.

७/११
क्वेइचौच्या शेजारीच चोंगचिंग. यांगत्से आणि च्यालिंग या नद्यांच्या संगमावरचे हे बंदर नावाडी आणि हमालांच्या श्रमावर उभे होते. सेचुआनी कादंबरीकार ली ज्येरेन याने १९४०च्या दशकात तिथल्या हॉट पॉटचे मूळ नोंदवले : नदीपलीकडचे च्यांगबेई, आणि तिथले कावड घेऊन फिरणारे विक्रेते.

८/११
हे विक्रेते म्हशीची वजडी, काळीज वगैरे विकत घेत, धुऊन-उकडून तुकडे करत. कावडीवर मातीची शेगडी आणि तिच्यावर खण पाडलेले पत्र्याचे मोठे भांडे असे. त्यात खारट, तिखट, जीभ बधिर करणारा रस्सा सतत उकळे. (ही बधिरता सेचुआन मिरीची; कोकणातले तिरफळ तिच्याच कुळातले.) नदीकाठचे श्रमिक भोवती बसत. प्रत्येकाचा एक खण. जितके तुकडे खाल्ले, तितकेच पैसे.

९/११
या खणांचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. अख्खे भांडे घेण्याची ऐपत एकट्या हमालाची नव्हती. अनोळखी माणसांनी एकच विस्तव आणि एकच रस्सा वाटून घेतला, तरी हिशेब मात्र वेगळा राहिला. स्वस्त, गरम आणि कष्टकऱ्याला ऊब देणारे हे जेवण होते. दरबारात भांड्याने माणसांचे दर्जे दाखवले. धक्क्यावर खणांनी फक्त ज्याचा त्याचा घास राखला.

१०/११
ली ज्येरेनच्या नोंदीनुसार १९३४ मध्ये चोंगचिंग शहरातील एका लहान खाणावळीने हा प्रकार कावडीवरून मेजावर आणला. शेगडी मातीचीच राहिली; खणांच्या भांड्याजागी तांब्याची छोटी भांडी आली. १९३७ मध्ये जपानी आक्रमणामुळे राष्ट्रवादी सरकार चोंगचिंगला हलले. देशभरातून अधिकारी, प्राध्यापक, निर्वासित तिथे आले, आणि हमालांची ही चव त्यांच्याही तोंडी रुळली.

११/११
आज ‘नऊ खणांचे’ भांडे महागड्या उपाहारगृहांतही मानाने मांडले जाते. त्याचे खण आता ऐपतीची नव्हे, परंपरेची खूण आहेत. कुब्लाई आणि छ्येनलोंग यांची नावे भिंतीवरच्या कथांत झळकतात. पहिल्या कावडवाल्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. म्हणूनच एखाद्या पदार्थाचा ‘शोधकर्ता राजा’ पुढे केला जाईल, तेव्हा आधी विचारावे : ही नोंद कोणाची, कधीची, आणि तो पदार्थ रोज खात कोण होते?

(समाप्त)