अक्षराची उंची

अक्षराच्या वळणाचे कौतुक आपल्याकडे फार. मोत्यासारखे अक्षर म्हटले की लिहिणाऱ्याच्या शीलाचीच जणू साक्ष मिळाली, असे आपण मानतो. परंतु अक्षराला वळण असते तशी उंचीही असते. आणि वाचणाऱ्याला ते वाचता येणार की नाही, हे पुष्कळदा वळणापेक्षा उंचीवरच ठरते. या गोष्टीचा विचार आपण क्वचितच करतो. आज आपले पुष्कळसे वाचन संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर चालते. तेथे संकेतस्थळ रचणाऱ्याने अक्षर केवढे ठेवावे, दोन ओळींत अंतर किती सोडावे, हा प्रश्न नव्या तंत्राबरोबर जन्मलेला असावा, असा समज आढळतो. वस्तुतः तो फार जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे पडद्यावरच्या अडचणी कोठून आल्या हेही उमगते. म्हणून त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

छापखाने महाराष्ट्रात रुजण्याच्या पुष्कळ आधी या विषयावर एका अधिकारी पुरुषाने लिहून ठेवले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, हे तर समर्थ सांगतातच. पण त्यापुढे जाऊन ते ओळीविषयी बोलतात: एका ओळीचे उकार-वेलांट्या दुसऱ्या ओळीत घुसू नयेत, लांब अक्षर खालच्या ओळीला टेकू नये. पानाच्या भोवती कोरी जागा सोडावी, असेही ते बजावतात. आणि सर्वांत मर्माची गोष्ट अशी की, तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, यास्तव अक्षर मध्यम आकाराचे काढावे, असा त्यांचा उपदेश आहे. अक्षराची उंची, ओळींतील अंतर आणि समास या तीन गोष्टींवरच आजचे संकेतस्थळाचे शास्त्रही उभे आहे. समर्थांनी नियम दिला तो वाचणाऱ्याच्या डोळ्याकडे पाहून. पुढच्या काळात तो डोळा दृष्टीआड झाला आणि यंत्र व कागद यांचा हिशेब पुढे आला. ते कसे घडले ते पाहू.

युरोपात जर्मनीतील माइन्त्स येथे योहान गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापले, त्याचे अक्षर चांगले ठसठशीत होते; तो ग्रंथ चौरंगावर ठेवून वाचावयाचा होता. पुढे १५०१ साली व्हेनिसच्या आल्दुस मनुतिउसने बारीक, तिरप्या वळणाच्या अक्षरांत खिशात मावतील अशा लहान आकाराची पुस्तके काढली. ग्रंथ मठातून निघून प्रवाशाच्या हाती आला, तो बारीक अक्षरामुळे. तेव्हा बारीक अक्षराचे हे उपकार विसरून चालणार नाही. कागद महाग, म्हणून अक्षर लहान. अक्षर लहान, म्हणून पुस्तक स्वस्त. हा व्यवहार कित्येक शतके चालला.

याच काळात आकाराचे मापही रूढ होत गेले. फ्रान्समध्ये फूर्निए आणि दिदो यांनी अठराव्या शतकात पॉइंटची पद्धत बसवली. अमेरिकेत ती १८८६ मध्ये ठरली. त्या मापात सुमारे ७२ पॉइंटांचा एक इंच होतो, आणि बारा पॉइंटांचा ‘पायका’ हा आपल्या जुळाऱ्यांच्याही तोंडचा शब्द झाला. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयाचा आहे. बारा पॉइंट ही अक्षराची उंची नव्हे. ती शिशाच्या खिळ्याच्या देहाची उंची आहे. त्या देहावर अक्षराचे मुख केवढे कोरावयाचे, हे कोरणाराने ठरवावयाचे. रोमन लिपीला हे सोयीचे पडले, कारण तिच्या बहुतेक लहान अक्षरांच्या वर आणि खाली फारसे काही नसते.

देवनागरीची गोष्ट निराळी. तिचे घर तीन मजल्यांचे आहे. मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि तळघरात उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरे. हे तिन्ही मजले त्याच बारा पॉइंटांत बसवावयाचे म्हटले की मूळ अक्षराच्या वाट्याला मधला पट्टा तेवढा उरतो. आणि त्या पट्ट्यात ‘ष’ची तिरपी रेघ, ‘ब’चे भरलेले पोट, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची वळणे, शिवाय ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध्य’ यांसारखी जोडाक्षरे स्पष्ट उमटावी लागतात. अक्षर लहान झाले की शाईने पोटे भरतात, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला, ‘भ’ आणि ‘म’ यांतला भेद नाहीसा होतो. खिळ्याबाहेर डोकावणारी नाजूक मात्रा छापताना तुटते, ते वेगळेच.

बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात मराठी मजकुरासाठी देवनागरी खिळे वापरले होते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. शिळाछापाला खिळ्याचे बंधन नाही; लेखकू लिहील तसे अक्षर उमटते, आणि मात्रेला हवी तेवढी जागा मिळते. पोथ्या आणि पंचांगे पुढेही दीर्घकाळ शिळाछापावर निघत राहिली, त्याचे एक कारण हेच असावे. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच्या पानावर एका स्तंभात इंग्रजी व शेजारी मराठी असा मजकूर असे. दोन लिप्या एका पानावर शेजारी बसवावयाच्या आणि दोहोंना न्याय द्यावयाचा, हा पेच मराठी वृत्तपत्राला पहिल्या दिवसापासूनच होता.

हा पेच कसबाने हाताळला तो जावजी दादाजी चौधरी यांनी. लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामापासून त्यांची सुरुवात झाली. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि पाच वर्षांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल ठसे कोरणारा त्यांना लाभला. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके ज्यांनी हाताळली असतील त्यांना आठवेल की, मूळ श्लोक मोठ्या ठशात, टीका त्याहून लहान आणि पाठभेद त्याहून बारीक, तरीही शिरोरेषा सरळ आणि जोडाक्षर स्वच्छ. एकच वळण निरनिराळ्या आकारांत नुसते लहानमोठे करून भागत नाही. प्रत्येक आकारासाठी ते नव्याने कोरावे लागते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

विसाव्या शतकात हा विवेक मागे पडला. लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची अवाढव्य संख्या कमी करण्याचे मनावर घेतले. सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. दोघांचा हेतू निर्विवाद थोर होता. परंतु त्या सगळ्या खटपटीमागे एक गृहीत होते: यंत्र रोमन लिपीसाठी घडले आहे, तेव्हा वाकावयाचे ते लिपीने. मोनोटाइप आले, लायनोटाइप आले, टंकलेखनयंत्र आले. प्रत्येकाच्या दारात देवनागरीला मान लववून शिरावे लागले. वृत्तपत्रांना तर कागदाचा हिशेब होताच. त्यांचे अक्षर बारीक राहिले आणि वाचकाने चष्मा सावरला.

चष्म्यावरून आठवले. वाचावयाच्या चष्म्याला आपल्या भाषेत ‘चाळिशी’ म्हणतात. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होत जाते आणि जवळचे अक्षर धूसर दिसू लागते, हे नेत्रवैद्य सांगतात. आपल्या भाषेने ते एका शब्दात नोंदवून ठेवले आहे. पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी १८७८ च्या सुमारास दाखवून दिले की वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तो लहान लहान उड्या घेतो आणि थांबतो तेव्हाच वाचतो. अक्षर अस्पष्ट असेल, ओळी दाटलेल्या असतील, तर या उड्या चुकतात आणि डोळा मागे फिरतो. वाचन थकवते ते यामुळे. पुढे काचबिंदूने जावाल यांची स्वतःची दृष्टी गेली. तरीही १९०५ साली त्यांनी वाचन व लेखन यांच्या शरीरव्यापारावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता पडद्याकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांचे विश्वव्यापी जाळे १९९१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेथील माप पिक्सेलचे, म्हणजे ठिपक्याचे. मजकुरासाठी न्याहाळकांनी जे मूळ माप धरले ते १६ पिक्सेल. रूढ हिशेबाने ९६ पिक्सेलांचा इंच धरला तर ते बरोबर बारा पॉइंट होते. म्हणजे हा आपला जुना पायकाच! परंतु पडदा पुस्तकापेक्षा दूर असतो. तेथे खरे तर अक्षर थोडे मोठेच हवे. घडले उलट. रचनाकारांनी पान नीटस दिसावे म्हणून अक्षर दहा-अकरा पिक्सेलांवर आणले. मॅथ्यू कार्टर यांनी १९९६ साली खास पडद्यासाठी रचलेल्या ‘व्हर्डाना’सारख्या रोमन टंकाने ते कसेबसे निभावले. शिवाय इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत अशी सोय होती की, रचनाकाराने पिक्सेलांत बांधलेले अक्षर वाचकाला अक्षरे वाढवण्याच्या आज्ञेने मोठे करता येत नसे. छापील पानाला निदान भिंग लावता येते!

बारा ठिपक्यांच्या उंचीत तीन मजले बसवा म्हटल्यावर देवनागरीचे काय झाले असेल, हे सांगावयास नको. मूळ अक्षराला जेमतेम सहा-सात ठिपके उरत. त्यातच आरंभी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा टंक निराळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि पुढे विंडोज २००० बरोबर प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रचलेला ‘मंगल’ हा टंक घरोघर पोहोचला, तेव्हा ही अनवस्था हळूहळू संपली. तरी उंचीचा जुना पेच उरलाच. तिन्ही मजले ठरलेल्या देहात बसवावेत, तर अक्षर शेजारच्या इंग्रजीपेक्षा बारके दिसते. अक्षर मोठे करून मात्रा-उकारांना देहाबाहेर जाऊ द्यावे, तर इंग्रजीच्या मापाने ठरवलेल्या ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. समर्थांनी नेमके हेच टाळावयास सांगितले होते.

उपाय अवघड नाही. मराठी मजकुराचे माप आणि ओळींतील अंतर इंग्रजीहून निराळे, काहीसे सढळ ठेवावे, एवढेच. आता त्यासाठी साधनेही आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकरचनाकारांच्या मंडळीचा ‘मुक्त’ किंवा गुगलचा ‘नोटो’ यांसारखे टंक विनामूल्य मिळतात. जाळ्याचे नियम करणाऱ्या संस्थेने २००८ मध्ये असेही घालून दिले आहे की, वाचकाला अक्षर दुप्पट करता आले पाहिजे आणि तसे केल्याने मजकूर वा कार्य यांतले काहीही हरवता कामा नये. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानेही माहितीची साधने सर्वांना वापरता यावीत, असा दंडक घातला.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. सातबाराचा उतारा, निवृत्तिवेतनाचा अर्ज, बँकेचे खाते, मुलाच्या परीक्षेचा निकाल, सारेच आता पडद्यावर आले आहे. ज्याला ते अक्षर वाचता येत नाही, तो साक्षर असूनही शेजाऱ्याच्या मुलाला हाक मारतो आणि आपल्या घरचा व्यवहार त्याच्यापुढे उघडा करतो. साठ-सत्तर वर्षे वाचत आलेल्या माणसाला अशा रीतीने पुन्हा निरक्षर करणे, हा अन्याय आहे, मग तो कोणी जाणूनबुजून केलेला नसला तरी.

शिशाच्या काळी बारीक अक्षराला कागदाच्या महागाईची सबब होती, आणि ती खरी होती. पडद्यावर कोऱ्या जागेला दाम पडत नाही. पान खाली हवे तितके वाढते. म्हणजे आज मराठी अक्षर बारीक ठेवण्याला सवयीखेरीज कारण उरलेले नाही. रचनाकार बहुधा पंचविशीतला असतो, वाचक चाळिशीच्या पलीकडचा. तेव्हा कोणतेही मराठी संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी रचनाकाराने ते आपल्या आजीपुढे ठेवावे, आणि तिने चष्मा कपाळावर न चढवता, पडदा डोळ्यांशी न नेता पहिला परिच्छेद वाचला तरच ते पूर्ण झाले असे समजावे.