कूकाबरा स्मारक

कूकाबरा स्मारक : ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील ॲलिस स्प्रिंग्ज येथे जतन केलेले ‘कूकाबरा’ विमानाचे अवशेष. हरवलेल्या वैमानिकांना शोधायला निघालेले कीथ अँडरसन आणि त्यांचे मेकॅनिक बॉब हिचकॉक एप्रिल १९२९ मध्ये तनामी वाळवंटात तहानेने मरण पावले, त्यांची ही आठवण. कूकाबरा हा खंड्याच्या कुळातला, खदखदून हसल्यासारखा आवाज काढणारा तिथला पक्षी. विमान वेस्टलँड विजन जातीचे, छोटे, एका इंजिनाचे होते.

मार्च १९२९ च्या अखेरीस चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ आणि चार्ल्स उल्म ‘सदर्न क्रॉस’ विमानातून सिडनीहून इंग्लंडकडे निघाले आणि वायव्य किनाऱ्यावरच्या किंबर्ली भागात बेपत्ता झाले. अँडरसन हे किंग्जफर्ड स्मिथ यांचे एकेकाळचे भागीदार. पॅसिफिक महासागर पार करण्याच्या उड्डाणातून अँडरसन यांना वगळल्यावरून दोघांत बिनसले होते, प्रकरण कोर्टापर्यंत गेले होते. तरीही ते शोधाला निघाले. १० एप्रिलला ॲलिस स्प्रिंग्जहून उडालेल्या या विमानात वायरलेस नव्हता, पाणी जेमतेम काही लिटर, होकायंत्र बेभरवशाचे. इंजिनातला एक पुशरॉड आधीच्या टप्प्यात सैल झाला होता; वाळवंटावर तो पुन्हा सैल झाला आणि विमान उतरवावे लागले. दुरुस्ती जमली, पण झुडपांनी भरलेल्या वाळूतून पुन्हा उडायला धावपट्टी हवी होती. झाडोरा तोडायला अवजारे नव्हती. त्यांनी तो हातांनी उपटला, जाळला, तरी विमान उठेना. अँडरसन यांनी सुकाणूच्या कापडावर रोजनिशी लिहून ठेवली.

१२ एप्रिलला ‘सदर्न क्रॉस’ सापडले. त्यातले चौघेही जण जिवंत होते. शोध घेणारेच आता हरवले होते. २१ एप्रिलला क्वांटासचे वैमानिक लेस्टर ब्रेन यांना दूरवर धूर दिसला, म्हणून ते वळले. खाली ‘कूकाबरा’ उभे होते आणि पंखाखाली एक देह पडला होता. चार्ल्स ईटन यांचे पथक जमिनीवरून तेथे पोचले आणि त्यांनी दोघांना तिथेच पुरले. जनक्षोभ उसळल्यावर पार्थिवे परत आणण्यात आली. किंग्जफर्ड स्मिथ आणि उल्म प्रसिद्धीसाठी मुद्दाम हरवले, असा आरोपही झाला. चौकशी समितीने तो फेटाळला, पण कुजबुज पुढे अनेक वर्षे टिकली.

विमान मात्र वाळवंटातच राहिले. १९७८ मध्ये उद्योजक डिक स्मिथ यांच्या मोहिमेने ते पुन्हा शोधले. तोवर वणव्यांनी आणि उन्हापावसाने त्याचा धातूचा सांगाडा तेवढा उरला होता. त्याला नवे रूप दिलेले नाही, आणि तेच योग्य झाले.

अँडरसन यांचे दफन ६ जुलै १९२९ रोजी सिडनीतील मॉस्मन येथे रॉसन पार्कात मोठ्या सन्मानाने झाले. तेथे त्यांचे स्वतंत्र स्मारक आहे. हिचकॉक यांची कबर खंडाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थच्या काराकाटा दफनभूमीत आहे.