टोपोशीटवरचा आपला ठिपका

नकाशा ही सरकारनं लिहून ठेवलेली साक्ष असते. ती आपल्या बाजूनं वाचता आली पाहिजे.

सर्व्हे ऑफ इंडिया हे खातं १७६७ सालचं. १९०५ नंतर त्यानं एक मैलाला एक इंच या मापाच्या रंगीत टोपोशीट काढायला घेतल्या. मी राहतो ते अंतरवाली सराटी ४७ एम या शीटमध्ये येतं. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळसा खाणी ५६ एममध्ये. दोन्हींचे अक्षांश तेच, एकोणीस ते वीस. इकडं काळी माती, तिकडं काळा कोळसा. खुणांची भाषा मात्र एकच.

त्या भाषेत खाणीला खूण आहे. देवळाला, मशिदीला, विहिरीला, पोलीस ठाण्याला आहे. महारवाड्याला नाही. विहीर दिसते, तिच्यावर कुणाला पाणी भरू देत नव्हते, ते दिसत नाही.

वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ साली सुरू झाली, १९०६ साली बंद पडली. पुढं बल्लारपूर आलं. खाण, रेल्वे, बंगला, सगळं कागदावर चढलं. कोळसा फोडणारा चढला नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या खाणीत स्वतः खाली उतरले. १९४४ साली कोळसा कामगारांचा कल्याण निधी आला. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात धम्मदीक्षा दिली.

१९७३ साली कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. दुर्गापूर, पद्मापूरकडं उघड्या खाणी पसरल्या. सपाट रानात मातीचे डोंगर उभे राहिले. खाणीसाठी जमीन गेली की मोबदला आणि नोकरी सातबारा बघून ठरते. ज्याच्या नावावर गुंठाभरही रान नाही, त्यानं काय दाखवायचं?

इथं जुनी टोपोशीट कामाला येते. वस्ती कुठं होती, ओढा कुठून वाहत होता, पायवाट कुठं जात होती, हे तिच्यावर सरकारच्याच हातानं काढलेलं असतं. लाल ठिपका म्हणजे घर. त्या घराला सातबारा लागत नाही.

पूर्वी हे नकाशे सहजी हाती येत नसत. २००५ आणि २०२१ च्या धोरणांनी ते बरेच मोकळे झाले. तेव्हा गड्यांनो, जुनी शीट मिळवा. नव्या नकाशाशेजारी ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, खाणीतून निवृत्त झालेल्यांना घेऊन बसा. प्रत्येक ठिपक्यापुढं नाव लिहा: कोण राहत होतं, कोणत्या खाणीत उतरत होतं, कधी उठवलं. तारीख घाला, सह्या, अंगठे घ्या.

ठिपका सरकारनं काढलाय. नाव आपण घालायचं.